कालव्याकडेचा ‘वाहनमुक्त’ सायकल मार्ग: लिहिणाऱ्याने स्वतः जाऊन पाहिलाय का?

सराटा पंक्चर
सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. ‘पुण्याच्या दाराशी रोड सायकलिंगचा स्वर्ग! हडपसरला मुठा उजव्या कालव्यावर चढा, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत यवतपर्यंत एकही गाडी आडवी येणार नाही. मुलांनाही घेऊन जा.’ खाली कोवळ्या उन्हातला एक फोटो. स्वारी बहुधा त्या फोटोच्या चौकटीबाहेर गेलीच नसावी.

अहो, तो रस्ता नाही. पाटबंधारे खात्याची जीप फिरावी, गाळ काढायला पोकलेन उतरावं, यासाठी भरावावर राखलेली वाट आहे ती. काही तुकडे डांबरी, काही उघड्या खडीचे, बाकी मुरूम आणि पुढे काळी माती. एक सर आली की ती माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी ठासून बसते की चाकच फिरत नाही. मग सायकल खांद्यावर. कोरड्या दिवसांत सराटे आणि छाटून तिथेच टाकलेली वेडी बाभूळ. डाव्या हाताला भरून वाहणारं पाणी, कठडा नाही, आणि म्हणे मुलांना घेऊन जा!

वाहनमुक्तही कुठलं? मोटारसायकलवाल्यांचा तो शॉर्टकट आहे, मुरूमवाल्यांची पोलीस नसलेली वाट आहे आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या आहेत. शांतता हवी असेल तर पुरंदरात भुलेश्वरच्या पायथ्याचे गावरस्ते धुंडाळा. डांबर बरं, गाड्या मोजक्या, आणि पडलात तर शेतात पडता, कालव्यात नाही.

पहाटेची घंटी
दादा, काळ्या मातीचं पटलं, सूर नाही पटला. मी आधी सोलापूर हायवेनेच उरुळीला जायचे. माझ्यापुढे चाललेल्या मैत्रिणीला एका टेम्पोचा आरसा लागला. ती पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. टेम्पोवाल्याने वेगसुद्धा कमी केला नाही. तेव्हापासून मी कालवा धरला. कुत्री आहेत, पण कुत्रं ओरडल्यावर थांबतं तरी. हायब्रिड सायकल, पस्तीस मिलिमीटर रुंदीचे टायर, आत भोक आपोआप बुजवणारं सीलंट, सराट्यांचा विषय संपला. पंचवीसच्या टायरवर मुरमात शिरायचं आणि मग मुरमाला शिव्या घालायच्या, हा कुठला न्याय?

सराटा पंक्चर
मोठे टायर घातले की रस्ता चांगला होतो, हे नव्यानेच कळलं. पोस्टमध्ये ‘रोड सायकलिंग’ लिहिलंय हो ताई. आणि पहाटे त्या सुनसान भरावावर तुम्ही एकट्या जाता, हे इथे वाचून आणखी चार मुली निघतील. त्याची जबाबदारी कोणाची?

पहाटेची घंटी
आली का ती ओळ! वाटच बघत होते. हायवेवर डंपरखाली गेले तर जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारत नाही. मुली निघाल्या तर निघू देत, चार जणी असल्या की ती वाट सुनसान उरत नाही. आणि आम्ही कोणी एकट्या जात नाही, हे विचारायच्या आधीच गृहीत धरल्याबद्दल आभार.

यॉर्कशायरचा पुणेकर
मी लीड्सला असतो. इथे लीड्स–लिव्हरपूल कालवा आहे, १२७ मैलांचा. काठाने शिपली, सॉल्टेअर, पुढे बिंगलीची पाच लॉकची, म्हणजे बोटी वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दारांची उतरंड. ती १७७४ ची आहे आणि आजही चालू आहे. आमच्या बाजूला वाट चांगली पक्की केलेली आहे, लोक सायकलने कामावर जातात. तिथे जमतं तर आपल्याकडे का नाही? इच्छाशक्ती नाही, दुसरं काय.

गिअरलेस
आले, लीड्सहून आले. साहेब, तिकडे तरी रोड बाईकवाल्याला कालव्याकाठी पाय मोकळा सोडता येतो का? माझा भाऊ बर्मिंगहॅमला आहे. चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची, पुलाखाली वळणावर घंटी वाजवत हळू जायचं. जोरात गेला की म्हाताऱ्या कुत्रेवाल्या आज्या झापतात म्हणतो.

यॉर्कशायरचा पुणेकर
झापतात, खरं आहे. पण झापायला आजी तिथे फिरतेय, हाच तर माझा मुद्दा आहे.

निवृत्त शाखा अभियंता
इच्छाशक्तीचा प्रश्न नंतर. इंग्लंडचे ते कालवे नौकानयनाचे. बोटी ओढायला काठाने घोडे चालायचे, म्हणून सलग, सपाट वाट बांधावीच लागली. घोडे गेले, वाट उरली. आपले कालवे सिंचनाचे. इथे बोट नाही, घोडा नाही. भराव पाणी धरायला आहे, माणसं न्यायला नाही. ठिकठिकाणी वितरिका म्हणजे छोटे फाटे फुटतात, पाणी सोडायची विमोचकाची दारं असतात, ओढ्यावरून पाणी नेणारा जलसेतू येतो, आणि तिथे तुमची वाट तुटते. शिवाय १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाखाली नियम मोडून भरावावर वाहन घालणं हा गुन्हा आहे. फलक लावलेले असतात, वाचत कोणी नाही.

भराव म्हणजे काय ते पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ ला पाहिलंय. दांडेकर पुलाजवळ हाच मुठा कालवा फुटला आणि वस्तीतल्या लोकांचे संसार वाहून गेले.

गिअरलेस
तेव्हा मंत्रीमहोदयांनी उंदीर-घुशींना दोषी धरलं होतं. आता सायकलवाल्यांना धरतील. टायरची रुंदी सांगून ठेवा.

निवृत्त शाखा अभियंता
थट्टा करा. घुशी भराव पोखरतात हे कोणीही कालव्यावर काम केलेला माणूस सांगेल. पण पोखरलेलं वेळेवर दिसावं म्हणून तपासणी लागते, आणि तपासायला माणूस लागतो. आमच्या वेळी ठरावीक अंतराला एक चौकीदार असायचा. निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. माझं म्हणणं एवढंच की अस्तरीकरण, म्हणजे कालव्याला आतून काँक्रीटचा थर देणं, पूर्ण झालं तर गळती थांबेल, भराव पक्का होईल आणि वरची वाटही सुधारेल. मग खुशाल सायकली चालवा.

सोमेश्वरकडचा
थांबा साहेब. अस्तरीकरण इतक्या सहज बोलू नका. आमचा नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळचा, १८८५ च्या आसपासचा. त्याच्या पाझरावर दोन्ही अंगाच्या विहिरी जगतात. काँक्रीट ओतलं की तुमची गळती थांबते आणि आमची विहीर आटते. बारामती-इंदापुरात लोकांनी कामं अडवली ती हौस म्हणून नाही. तुमच्या दप्तरी ज्याला गळती म्हणतात, त्यावर माझ्या आजोबांनी मळा उभा केलाय.

टेलचा माणूस
आणि आमच्या आजोबांनी वाट बघितली, पाण्याची. मी इंदापूर तालुक्यातला, खडकवासल्याच्या कालव्याचं, म्हणजे याच मुठा उजव्या कालव्याचं शेवटचं टोक, टेल. वरच्यांचा पाझर, वरच्यांच्या मोटारी, भरावावरून टाकलेले डोंगळे म्हणजे पाणी ओढणारे पाईप, हे सगळं वजा करून उरलं तर आमच्याकडं येतं. पाणी कधी मिळणार त्या पाळीपत्रकात तारीख असते, शेतापर्यंतच्या चारीत धूळ असते. अस्तरीकरण झालंच पाहिजे.

सोमेश्वरकडचा
डोंगळे आमच्यावर ढकलू नका. आमचा कालवा वेगळा, तुमचा वेगळा. आणि तुमच्या टेलला पाणी येत नाही ते डोंगळ्यांमुळे की पुण्यामुळे? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी धरणं मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. त्यातलं शहर किती उचलतं, ते आधी विचारा.

गिअरलेस
पुणेकर हजर. आम्ही वापरून झालेलं पाणी परत देतो की, मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, बेबी कॅनॉल या जुन्या कालव्याला. सायकलवाल्यांनो, लोणीच्या बाजूला त्याच्या कडेने एकदा जाऊन या, नाकाला रुमाल बांधून.

टेलचा माणूस
हसा. त्या पाण्यावर लोकांची पिकं आहेत. कागदावर ते प्रक्रिया केलेलं आहे. फेस कसला येतो ते मात्र कोणी सांगत नाही. तुम्हाला कालवा दिसतो सायकलीसाठी, फोटोसाठी. पाण्याची पाळी आली की आम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन त्याच भरावावरून चालतो. साप असतात. त्याची कोणी पोस्ट टाकत नाही.

पहाटेची घंटी
दादा, तुमचं सगळं खरं आहे. पण आम्ही सायकल फिरवल्याने तुमचं पाणी कमी होत नाही ना? उलट रोज चार माणसं त्या वाटेने गेली, तर डोंगळा कुठे टाकलाय, भराव कुठे ओला झालाय, ते कोणाच्या तरी डोळ्यांना दिसेल. चौकीदार नाहीत असं साहेबच म्हणाले.

निवृत्त शाखा अभियंता
ओला भराव ओळखायला डोळा तयार असावा लागतो, ताई. पण हरकत नाही. नुसता फोटो काढून जागा कळवलीत तरी शाखा कार्यालयाला उपयोग होईल. फोन उचलला तर.

सराटा पंक्चर
धागा सायकलींचा होता, जलसिंचन परिषद भरली. मूळ प्रश्नावर येतो. खडकवासला ते फुरसुंगी कालव्याच्या पाण्यासाठी बोगदा करायचं घाटतंय. झाला तर शहरातला उघडा कालवा मोकळा होईल. तिथे सायकल ट्रॅक होईल अशी आशा कोणी लावून बसलं असेल, तर २०१७ चा पुण्याचा सायकल आराखडा आठवा आणि आजचे ट्रॅक बघून या. कुठे रिक्षा, कुठे वडापावची गाडी, कुठे महावितरणचा डीपी. कालव्याच्या जागेवर चारपदरी रस्ता होणार आणि कडेला लाल रंगाचा एक पट्टा मारणार. त्या पट्ट्यावर गाड्या लागणार. लिहून ठेवा.

यॉर्कशायरचा पुणेकर
जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी जिल्ह्यातले रस्ते केले ना? म्हणजे मनात आणलं तर होतं.

सराटा पंक्चर
झाले, गुळगुळीत झाले. एवढं मान्य, त्या डांबरावरून जाताना शिव्या येत नाहीत तोंडात. पण ते शर्यतीसाठी झाले, आणि आता गुळगुळीत म्हणून मोटारी आणखी सुसाट जातात. शर्यत होते त्या दिवशी रस्ता वाहनमुक्त, एरवी आपण वाऱ्यावर.

टेलचा माणूस
घंटीताईंचं एक बोलणं पटलं, म्हणून सांगतो. यायचं तर या, आमच्याकडं पार इंदापूरपर्यंत या. पण आवर्तन, म्हणजे कालव्याला शेतीचं पाणी सोडलेलं, चालू असताना नको. रात्रभर पाणी धरलेला माणूस सकाळी पाईप आडवा टाकून बसलेला असतो, त्याला घंटी वाजवली तर तो काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. थंडीत कारखाने चालू असतात, ट्रॉलीवाला गाणी लावून येतो, त्याला मागचं-पुढचं काही ऐकू येत नाही. पावसात काळ्या रानाच्या तुकड्यावर येऊच नका.

सराटा पंक्चर
म्हणजे पावसात चिखल, हिवाळ्यात ट्रॉल्या, उन्हाळ्यात आवर्तन. मग ‘स्वर्ग’ कोणत्या महिन्यात उघडतो, ते त्या पोस्टवाल्याला विचारतो.

पहाटेची घंटी
तुम्ही विचारत बसा. आम्ही रविवारी पहाटे साडेपाचला लोणी स्टेशन चौकातून निघतोय. येणार असाल तर जास्तीची ट्यूब स्वतःची आणा, आमच्यातली मिळणार नाही.