सूर बरोबर वाजतायत तरी गाणं का होत नाही? चाल म्हणजे नक्की काय?

शिकाऊ_पेटी
नमस्कार मंडळी. पंचेचाळिशीत पेटी शिकायला घेतलीय, आठ महिने झाले. अलंकार, पलटे बऱ्यापैकी बसलेत. सोसायटीच्या भजनी मंडळात आषाढीला दोन अभंग वाजवायचं ठरलं म्हणून व्हॉट्सॲपवर आलेलं नोटेशन घेऊन बसले, नुसते सूर ओळीने लिहिलेले, एकही पट्टी चुकत नव्हती, आणि आतून सासूबाई विचारतात, "हे कुठलं गं वाजवतेस?" अभंग त्यांना लहानपणापासून तोंडपाठ आहे हो! मग चुकलं काय? चाल म्हणजे शेवटी सुरांची यादीच ना? आणि मेलडी म्हणतात ती हीच का, की राग म्हणजे मेलडी? फार गोंधळ झालाय, कुणीतरी नीट सांगा.

काळी_चार
ताई, नोटेशनमध्ये सुरांच्या मधे आडव्या रेघा होत्या का? बहुतेक नसणार. भातखंडे पद्धतीत सूर लांबवायचा असेल तिथे रेघ येते, एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका ठोक्यात, दोन सूर असतील तर खाली कंस येतो, आणि व्हॉट्सॲपवर टाइप करताना नेमकं हेच गळतं, म्हणजे तुमच्याकडे सूर आले पण वेळ आलाच नाही. आत्ता पेटीवर करून बघा: प प ध प सां नि (सां म्हणजे वरचा सा), सगळे सारख्या लांबीचे. काही कळतं का? आता पहिले दोन प मिळून एक मात्रा, ध प सां एकेक मात्रा, नि वर दोन मात्रा थांबायचं आणि वजन ध वर द्यायचं. हॅपी बर्थडेची पहिली ओळ! सूर तेच आहेत, कोण किती वेळ थांबला आणि जोर कुणावर पडला एवढंच बदललं. मी वीसेक वर्षं भजनाला साथ करतोय, माणसं एखादा सूर चुकला तरी गाणं ओळखतात पण वजन चुकलं की ओळखत नाहीत, हे कितीदा बघितलंय.

गंधार_पंचम
काळी_चार यांना +१, पण रागाचं राहिलं. राग म्हणजे चाल नाही. एका भूप रागात कितीही चाली बांधता येतात, चाल मात्र ठरलेली असते, या शब्दाला हाच सूर, इथेच थांबायचं. तरी राग म्हणजे नुसती सुरांची यादी पण नाही बरं का. भूप आणि देशकार घ्या, दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच सूर, सगळे शुद्ध. पण भूपात ग वादी, म्हणजे मुख्य सूर, सगळं फिरून गंधाराशी येतं, आणि तो संध्याकाळी गातात. देशकारात ध वादी, सगळी वर्दळ सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, रे अगदी कमी, आणि तो सकाळचा. सा रे ग, रे ग, प ग, रे सा असं सावकाश वाजवा आणि मग ध वर जाऊन ध, प, ध सां ध प असं थांबा, पट्ट्या त्याच असून घर बदलल्यासारखं वाटेल. माझ्या गुरुजींनी मला सहा महिने हे दोनच दिले होते, तेव्हा कंटाळा यायचा, आज त्यांचे उपकार वाटतात.

टोरांटोकर
मी इथल्या एका कॉयरमध्ये गाते म्हणून मेलडीबद्दल लिहिते. मेलडी म्हणजे साधारण आपली चालच, जी आपण गुणगुणतो ती ओळ. तुम्ही रोज जो अवरोह घासता ना, सां नि ध प म ग रे सा, 'जॉय टू द वर्ल्ड' या ख्रिसमसच्या गाण्याची पहिली ओळ म्हणजे बरोब्बर तोच, आठही सूर क्रमाने, फक्त लांबी कमीजास्त! फरक आहे तो चालीच्या खाली काय असतं त्यात. इथे मेलडी बहुतेक वेळा सोप्रानोंकडे, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिकांकडे असते आणि बाकीचे वेगळे सूर धरतात, ते बदलले की वरचा सूर तोच असून त्याचा रंग बदलतो. आपल्याकडे खाली तंबोरा, त्याचे सूर हलतच नाहीत, म्हणून सगळा भार एका ओळीवर येतो, आणि मला वाटतं म्हणूनच आपण एका सुरावरून दुसऱ्यावर कसं गेलो याला इतकं जपतो.

जुनी_वही
जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं बघा, पदावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून लोकांना आधीच माहीत असलेल्या दुसऱ्याच गाण्याची ओळ छापलेली असते. १८८० च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलात साक्या, दिंड्या असे जुने पद्यप्रकार भरपूर, त्यांच्या चाली लोकांच्या कानात आधीपासून होत्या. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, सगळं मिळून तीन-चार सूर, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी जात्याच्या फेऱ्याबरोबर आवाज खाली यायचा, घास टाकायला हात गेला की चाल पण तेवढी थांबायची. ते कागदावर कसं लिहिणार? तेव्हा ताई, आधी सासूबाईंना म्हणायला लावा, पेटी नंतर.

शिकाऊ_पेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना अभंग म्हणायला लावला, मी शेजारी पेन्सिल घेऊन. दुसऱ्या ओळीत ग वर त्या चक्क तीन मात्रा थांबतात आणि मी तिथून सरळ पुढे पळत होते! रेघा मारल्या, सकाळी वाजवलं तर आतून त्यांनी आपोआप म्हणायला सुरुवात केली, डोळ्यात पाणी आलं माझ्या. आता एकच अडलंय, त्या ग वरून सा ला घसरत येतात, ते पेटीवर येतच नाहीये.

काळी_चार
येणारही नाही ताई, पेटीत मींड, म्हणजे सुरावरून सुरावर असं घसरत जाणं, नाही. ग सोडता सोडता रे ला नुसता स्पर्श करून सा वर या, भाता तिथे हलका ठेवा, आणि गाणारा घसरत असेल तेव्हा सरळ सा धरून थांबलात तरी चालतं.