लाठी ज्याच्या हातात, त्याच्या जॅकेटवर नंबर का नको?

कळवा नाका
मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार करून जमाव पांगवला.’ माझ्या उजव्या मनगटाचं हाड दोन ठिकाणी चिरलंय, त्यामुळे ‘सौम्य’ या शब्दाशी हल्ली माझं जमत नाही. (डाव्या हाताने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.)

पाण्यासाठी हंडा मोर्चा होता. मी मोर्चात नव्हतोच असं सांगणार होतो, पण शेवटची दहा मिनिटं होतो. आईचा हंडा माझ्या हातात होता. रस्ता अडला, टीएमटीची बस अडकली, कुठून तरी एक चप्पल उडाली आणि शिट्ट्या वाजल्या. भोंग्यावरून सूचना दिली होती म्हणतात, मला काही ऐकू आली नाही. पळायला जागा नव्हती, एका बाजूला मेट्रोचे पत्रे. पत्र्याला टेकून मी हंडा डोक्यावर धरला आणि फटका मनगटावर बसला.

मारणारा दोन हातांवर होता. हेल्मेट, काच वर केलेली, अंगात ते काळं जाड जॅकेट. नावाची पट्टी जॅकेटखाली. मला दिसली ती फक्त त्याच्या डाव्या अंगठ्याला लावलेली चिकटपट्टी, कडा काळ्या झालेली. तक्रार द्यायला गेलो तर अंमलदारांनी विचारलं, “नाव काय त्याचं?” मी म्हटलं, अंगठ्याला पट्टी होती. ते हसले नाहीत, एवढं मात्र कबूल. कागदावर लिहिलं, ‘गर्दीत पडून दुखापत’.

टीएमटीच्या कंडक्टरला बिल्ला असतो, रिक्षाच्या मागे नंबर असतो. लाठी घेतलेल्याच्या हेल्मेटवर आणि जॅकेटवर लांबून वाचता येईल असा नंबर का नको? अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे हे तर कायद्यातच आहे, नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६. पकडताना नाव हवं आणि हाड मोडताना नको?

सातची बदलापूर
लवकर बरे व्हा. पण रस्ता अडवून उभे होतात ना?
२० ऑगस्ट २०२४ला बदलापूरच्या रेल रोकोमुळे मी अंबरनाथला अडकलो होतो. तिथल्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं ऐकून माझंही डोकं फिरलं होतं, माझी लेक तिसरीत आहे. पण दहा तास लोकल बंद! मंत्री येऊन समजावून गेले, पोलीस दिवसभर विनवण्या करत होते, रूळ कोणी सोडेना. दगडही पडले. संध्याकाळी लाठ्या काढल्या तेव्हा कुठे गाडी हलली. मी रात्री साडेअकराला घरी पोचलो. तुमच्या हिशेबाने पोलिसांनी काय आरती ओवाळायला हवी होती?

कळवा नाका
दहा तास वाट बघितली असं तुम्हीच लिहिलंय. आमच्या हंड्यांना चाळीस मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत.

पाचपाखाडी
पाणी आलं का पण?

उरणकर
नंबर-बिंबर ठीक आहे. आमच्या बाजूला १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळ्या चालल्या. नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या, त्याचा योग्य मोबदला मागायला दि. बा. पाटील साहेबांमागे लोक उतरले होते. पाच हुतात्मे झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाला तो त्या रक्तावर. आज त्याच भूखंडांवर टॉवर आहेत, आणि त्यात राहणारे आम्हाला विचारतात की रास्ता रोको कशाला करता. दरवर्षी जानेवारीत पाचही नावं घेतली जातात. गोळी झाडणाऱ्याचं एकही नाव मी आजवर गावात ऐकलेलं नाही.

आणि मनात असलं की जमतं बरं. २६ जानेवारी २०२४ला मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत मुक्कामाला होता. एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी गुलाल उधळून लोक परत गेले, लाठी उचलावी लागली नाही. तेच पोलीस, तेच लोक.

सातची बदलापूर
वाशीत तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः अधिसूचनेचा मसुदा घेऊन आले होते, साहेब. हंडा मोर्चाला कोण येणार? पोलिसांचं कौतुक करताना हेही धरा.

उरणकर
तेच तर म्हणतोय मी. लाठी उचलायची की नाही हे वर ठरतं.

बंदोबस्तवाल्याची लेक
खूप वेळ गप्प वाचत होते. माझे बाबा हवालदार आहेत. मोर्चाच्या दिवशी पहाटे पाचला निघतात. जेवण म्हणजे पिशवीतली पुरीभाजी, तीही दुपारी तीनला, उभ्याने. त्यांच्यासोबतच्या मॅडम सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? ते जॅकेट एकदा घालून बघा, दमट उन्हात. एका मोर्चात बाबांच्या खांद्याला पेव्हर ब्लॉकचा तुकडा लागला होता. तो फेकणाऱ्याच्या पाठीवर कुठे नंबर होता?

आणि हवालदार स्वतःच्या मनाने चार्ज करत नाही. जमाव पांगवायचा हुकूम फौजदाराच्या खालच्याला देताच येत नाही, तो कायदाही बघा. पण व्हिडिओत कोण दिसतो? हवालदार. जालन्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणावर १ सप्टेंबर २०२३ला लाठीमार झाला, तीन दिवसांनी फडणवीस साहेबांनी माफी मागितली, एसपी सक्तीच्या रजेवर गेले. आदेश कोणाचा, यावर मात्र नुसते आरोप-प्रत्यारोप. तिथे नंबर असते तर दहा हवालदार घरी बसले असते, एवढाच फरक. आधी हुकूम देणाऱ्याचं नाव, वेळ, भोंग्यावरून किती वेळा सांगितलं, हे लेखी घ्या. मग बाबांच्या जॅकेटवर खुशाल नंबर लावा.

कळवा नाका
ताई, तुमचं पटलं, पण पूर्ण नाही. ‘पांगवा’ हा हुकूम वरून आला असेल. मी तर पत्र्याला टेकलेलो होतो, पांगून पांगून जाणार कुठे? तो फटका त्या अंगठ्याचाच.

काळा कोट
यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून लिहितो. जम्मूच्या स्थलांतरितांच्या २००७च्या मोर्चावर सुप्रीम कोर्टाचा २०१६चा निकाल आहे, अनिता ठाकूर प्रकरण. जमाव बेशिस्त झाला होता हे कोर्टाने मान्य केलं. पण आवरल्यावरही मारत राहिले, म्हणून भरपाई द्यायला लावली. बदलापूरवाल्यांचा मुद्दा आणि हंड्याचा मुद्दा एकाच वेळी खरा असू शकतो, तो असा.

पण नंबर मिळाला म्हणून गड सर होत नाही. जमाव पांगवण्याच्या कारवाईबद्दल पोलिसावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५१. त्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १६१ आहे, मुदत सहा महिने, सरकारची मंजुरी मिळाली तर दोन वर्षं. बघू, करू म्हणत बसलात तर गेलंच. घाटकोपरच्या रमाबाई नगरात जुलै १९९७मध्ये गोळीबारात दहा माणसं मेली. राज्य राखीव पोलीस दलाच्या फौजदाराला शिक्षा झाली २००९मध्ये. बारा वर्षं, आणि तिथे तर हुकूम देणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमच्यासाठी जवळची वाट राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची. पोलीस सुधारणांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या २००६च्या प्रकाश सिंग निकालानंतर आपल्याकडे २०१४मध्ये ते कायद्यात आलं. गंभीर दुखापत त्यांच्या कक्षेत येते आणि हाड मोडणं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापतच. एक्स-रे आणि दवाखान्यातली एमएलसीची (पोलीस केस म्हणून केलेली) नोंद जपा. ‘पडून’ हा शब्द तिथेच खोडला जाईल, लाठीचा मार पडण्यापेक्षा वेगळा दिसतो.

सातची बदलापूर
आणि पट्टीवाला कोण, हे प्राधिकरण ज्योतिषाला विचारणार?

बंदोबस्तवाल्याची लेक
बाबांना विचारलं. ते म्हणाले लिहू नकोस, तरी लिहिते. बंदोबस्ताची स्कीम निघते. कुठल्या पॉइंटला कोण, बक्कल नंबरसकट, म्हणजे प्रत्येक पोलिसाच्या क्रमांकासकट. निघताना आणि परतताना स्टेशन डायरीत नोंद होते. मेट्रोच्या पत्र्याकडच्या पॉइंटला आठ-दहाच जण असतील. माहितीच्या अधिकारात मागा. पहिल्यांदा नाही म्हणतील, अपील करा.

माझं मत बदललेलं नाही. त्याच स्कीमवर त्या पॉइंटच्या अधिकाऱ्याचंही नाव असतं, तेही मागा. आणि बाबांनी सांगितलंय, तो अंगठ्यावाला सापडला तर आदल्या रात्री कुठल्या बंदोबस्ताला होता, तेही विचारा.

कळवा नाका
म्हणजे ‘अज्ञात पोलीस’ फक्त मला अज्ञात. त्यांच्याकडे यादी आहे.
अधिकाऱ्याचं नाव मागतोच, शब्द दिला. उद्या अर्ज टाकतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आईकडून चिकटवून घेईन.

पाचपाखाडी
हंडा मिळाला का परत?

कळवा नाका
मिळाला. पोचा पडलाय, पण गळत नाही. पाणी एक दिवसाआड, पाऊण तास.