विषय: सहा जणांचा इंग्लंडचा प्रवास, रेल्वेने की भाड्याच्या गाडीने?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या जूनअखेरीस आम्ही चौघे न्यू जर्सीहून आणि माझे आईबाबा पुण्याहून लंडनला येत असून, पुढचे ११ दिवस इंग्लंडमध्ये एकत्र हिंडण्याचा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात आणि जिने तिला झेपत नाहीत. मुलगा ११ वर्षांचा आहे आणि मुलगी ६ वर्षांची. लंडन, बाथ, यॉर्क आणि लेक डिस्ट्रिक्ट एवढे नक्की झाले आहे. बाबा फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि पुढे आयुष्यभर गणिताचे शिक्षक. त्यामुळे १८९९ साली रँग्लर परांजपे ज्या केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर (म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झाले, ते कॉलेज पाहिल्याशिवाय परतायचे नाही, एवढी एकच मागणी त्यांनी केली आहे. विमानतळावरच सात आसनांची गाडी घ्यावी म्हणजे सामान उचलायला नको, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र रेल्वे बरी वाटते. वडीलधाऱ्यांना घेऊन ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
एक सभासद, न्यू जर्सी

* * *

सौ. ताईंस नमस्कार.

नोकरीनिमित्त मी १४ वर्षे यॉर्कशरमध्ये राहिलो, म्हणून अधिकाराने नव्हे पण अनुभवाने लिहितो. विमानतळावर गाडी घेऊ नका. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, अमेरिकेत डाव्या बाजूला बसून गाडी चालवण्याची सवय असलेला माणूस उजव्या बाजूला बसला की डावीकडचा अंदाज चुकतो आणि गाडी नकळत पदपथाकडे सरकत जाते. माझ्याकडे आलेल्या माझ्या धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी डावीकडची दोन्ही चाके दगडी कडेवर घासली आणि अनामत रकमेतला मोठा भाग गमावला. शिवाय सात आसनांच्या गाडीत मागची रांग उघडली की डिकी जवळजवळ उरतच नाही. सहा माणसे आणि सहा बॅगा तिच्यात मावत नाहीत, हे गाडी समोर उभी राहीपर्यंत कोणी सांगत नाही.

रेल्वेचा हिशेब मात्र तुमच्या कुटुंबासाठीच केल्यासारखा आहे. ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ ३५ पौंडांना मिळते, त्यासाठी इंग्लंडचे रहिवासी असण्याची अट नाही, आणि एकाच कार्डावर चार मोठी माणसे व ५ ते १५ वर्षांची चार मुले प्रवास करू शकतात. बहुतेक भाड्यांत मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. गटात किमान एक मूल असावे लागते आणि कार्डधारकाने स्वतः बरोबर असावे लागते. लंडनच्या परिसरातल्या प्रवासाला सकाळच्या गर्दीच्या वेळी हे कार्ड चालत नाही, म्हणून केंब्रिजला साडेनऊनंतर निघावे. लांब पल्ल्याची ‘ॲडव्हान्स’ तिकिटे साधारण १२ आठवडे आधी विक्रीला येतात. ती स्वस्त असतात, पण त्याच गाडीला बांधलेली असतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा आईबाबांचा व्हिसा हातात आल्यावरच ती घ्यावीत.

लंडनमधला मुक्काम पॅडिंग्टनजवळ ठेवावा. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट तिथे येते, आणि फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट असल्याने आईंना जिना चढावा लागणार नाही. बाथची गाडीही तिथूनच सुटते; दीड तासाच्या आत पोहोचते आणि रोमन स्नानगृहे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केंब्रिज किंग्ज क्रॉसहून तासाभराच्या आत गाठता येते, तेही एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. यॉर्कची गाडीही किंग्ज क्रॉसहूनच, सुमारे दोन तासांची. तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रवेशशुल्क नाही आणि १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारे ‘मॅलार्ड’ मुलांना तिथे पाहता येईल. माझी मुले त्या इंजिनासमोरून हलायला तयार नसत.

आपला,
एक जुना सभासद

* * *

सप्रेम नमस्कार.

काकांचे म्हणणे शहरांपुरते मला पूर्ण मान्य आहे, पण लेक डिस्ट्रिक्टच्या बाबतीत मी वेगळा अनुभव मांडते. दोन वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांना घेऊन आम्ही विंडरमिअरला रेल्वेनेच गेलो. ऑक्सनहोमला गाडी बदलायची होती, आमची पहिली गाडी उशिरा पोहोचली आणि पुढची निघून गेली. तो एक तास सासूबाईंनी वाऱ्यात बाकावर बसून काढला, याचे मला आजही वाईट वाटते. तिथे ५५५ क्रमांकाची बस विंडरमिअरहून ग्रासमिअरमार्गे केझिकपर्यंत जाते आणि ती चांगलीही आहे. तरीही मधुमेह असलेल्या माणसाची जेवणाची वेळ, मध्येच लागणारे स्वच्छतागृह आणि अचानक येणारा पाऊस या तिन्ही गोष्टी बसच्या वेळापत्रकात बसत नाहीत. म्हणून तेवढे तीन दिवस गाडी घ्यावी, आणि ती यॉर्कमध्ये घेऊन यॉर्कलाच परत करावी, कारण दुसऱ्या गावी सोडल्यास बहुधा जादा आकार पडतो. मोठ्या बॅगा यॉर्कच्या हॉटेलात विचारून ठेवल्या, तर सात आसनांचा प्रश्नही सुटतो.

हॅरोगेट, स्किप्टन, सेटल, कर्बी लॉन्सडेल असा ए५९ आणि नंतर ए६५ हा रस्ता धरावा. सरळ गेल्यास अडीच ते तीन तास लागतात, पण इंगलटनला थोडे वळून रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वेपूल जरूर पाहावा. उघड्या माळावर उभा असलेला तो पूल पाहून माझे सासरे, जे मध्य रेल्वेत नोकरीला होते, बराच वेळ बोलले नाहीत. हार्डनॉट घाटात मात्र जाऊ नये. तिथे काही वळणांवर तीन फुटांमागे एक फूट चढ आहे आणि रस्ता एकाच गाडीपुरता आहे.

गाडी आरक्षित करताना ‘ऑटोमॅटिक’ असे स्पष्ट नोंदवावे, नाहीतर गिअरची मिळण्याचा संभव अधिक. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्यांच्या शहरातल्या अनेक शाखा रविवारी बंद असतात किंवा लवकर बंद होतात, हेही पाहावे. मुलांच्या आसनांचा नियम १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत लागू असतो. तेव्हा धाकटीसाठी आसन लागेलच, थोरल्याची उंची मोजून घ्या. अमेरिकेतून आसन नेऊ नका, कारण त्यावर तिथे मान्य असलेली खूण नसते.

जूनअखेर निवडलीत हे उत्तम झाले. तिथल्या शाळांना जुलैच्या उत्तरार्धात सुट्टी लागते आणि त्यानंतर तळ्यांकाठी गाडी लावायला जागा मिळणे कठीण होते.

आपली,
एक सभासद, टोरांटो

* * *

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार.

दोन्ही पत्रे यजमानांना वाचून दाखवली. आता लंडन, केंब्रिज, बाथ आणि यॉर्क रेल्वेने, आणि लेक डिस्ट्रिक्टचे तीन दिवस यॉर्कहून गाडीने, असे आम्ही ठरवले आहे. आईसाठी स्टेशनांवरील मदतसेवेची चौकशी केली. ती विनामूल्य आहे आणि गाडीच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवता येते, तरी मी ती तिकिटांबरोबरच नोंदवणार आहे. चॉक फार्मजवळचे किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, तेही लंडनच्या दुसऱ्या दिवसात घातले आहे. थोरल्याची उंची १३८ सेंटिमीटर भरली, त्यामुळे एकच आसन मागवले आहे. व्हिसाची मुलाखत नसली, तरी बोटांचे ठसे देण्यासाठी आईबाबा पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. तिकिटे त्यानंतर.

आपली,
न्यू जर्सीची सभासद