वर्डमध्ये नवीन फाइल उघडली की मराठी अक्षर बारीक. एकदा बसवून कायमचं करता येतं का?

खाडीपलीकडचे गुरुजी (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, लिखापढी संपली. उलट वाढली. वाचनालयाची इतिवृत्तं, देवस्थानच्या नोटिसा, आणि आंब्याचा हंगाम आला की फळपीक विम्याचे अर्ज. सगळ्यांचं एकच, "गुरुजी, जरा लिहून देवा हां." हातानं लिहिलेलं आता कोणी घेत नाही, म्हणून मुलानं पुण्याहून लॅपटॉप आणून दिला. त्यात वर्ड आहे. इनस्क्रिप्टच्या मराठी कळफलकानं टंकन करतो, ते छान जमतं.

अडचण दिसण्याची आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा पावसाळा सरल्यावर काढू म्हणाले डॉक्टर. तोवर पडद्यावर अक्षर ठसठशीत हवं. पण वर्ड दर वेळी नवी फाइल स्वतःच्या मनानं उघडतं. फाँट कुठलासा ॲप्टोस. मी आधी आकार वाढवतो, मग मराठीत लिहायला बसतो, तर वाढवलेला आकार कधी मराठीला लागतो, कधी नुसत्या इंग्रजीला. पान १४० टक्के करून ठेवतो, दुसऱ्या दिवशी नवी फाइल पुन्हा १०० वर. ग्रामपंचायतीकडून आलेली तर ७० वर उघडते, मुंगीच्या अक्षरात.

ईमेलनं आलेली फाइल पुस्तकासारखी उघडते आणि तिच्यात काही लिहूच देत नाही. मधूनच पानांच्या वरच्या-खालच्या मोकळ्या जागा नाहीशा होतात आणि सगळी पानं एकाला एक चिकटतात. पट्टी इंचात दिसते, मला सेंटिमीटर हवेत.

आणि हे नीट लक्षात घ्या, अक्षर पडद्यावर मोठं हवं, कागदावर नको. मोठ्या अक्षरात छापलं की एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो, आणि टेबलाटेबलावरून फिरताना दुसरं पान सुटतं.

मुलाला फोन केला की तो म्हणतो, "बाबा, स्क्रीन शेअर करा." आमच्याकडे जुलै महिन्यात रेंज माडाच्या शेंड्यावर जाऊन बसते. तेव्हा लिहूनच सांगा.

बंदरावरचा

काका, खाली उजव्या कोपऱ्यात सरकपट्टी आहे ना, ती १५० वर ओढा. नाहीतर कंट्रोल दाबून धरून माउसचं चाक फिरवा. झालं काम.

खाडीपलीकडचे गुरुजी

ते येतं हो मला. रोज उठून तेच करायला नको म्हणून तर विचारलं.

कणकवली टायपिंगवाली

गुरुजी, माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि प्रत्येकाची फाइल वेगळ्या थाटाची. "घरी एका पानात बसलं होतं, तुमच्याकडे दीड पान कसं झालं?" हे रोजचं भांडण. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलते. कंटाळलात तर अर्ध्यावर सोडा.

वर्डच्या सेटिंग्ज एका जागी राहत नाहीत, सगळा घोळ तिथे आहे. काही त्या-त्या फाइलच्या पोटात असतात. काही 'नॉर्मल' नावाच्या साच्यात, ज्याच्यावरून प्रत्येक नवी कोरी फाइल निघते. आणि काही खुद्द प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समध्ये. तुम्ही बदलताय समोरच्या फाइलमध्ये, ते साच्यापर्यंत पोचतच नाही.

आधी फाँट. ॲप्टोस २०२३ पासून आला. त्याआधी २००७ च्या आवृत्तीपासून कॅलिब्री होता, त्याच्याही आधी टाइम्स न्यू रोमन. या तिघांतही देवनागरी अक्षरं नाहीत. म्हणून वर्ड मराठीसाठी दुसरा फाँट मागच्या दारानं आणतं. साच्यात त्यासाठी मंगल लिहिलेला असतो. आकारही तसाच, वर्ड दोन ठेवतं: एक रोमन लिपीचा, एक देवनागरीसारख्या लिप्यांचा. तुम्ही बदललेला आकार कधी मराठीला लागतो, कधी नाही, त्याचं कारण हे.

कंट्रोल-डी दाबा. फाँटची चौकट उघडेल. वर 'लॅटिन टेक्स्ट', खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. मराठीचा फाँट आणि आकार त्या खालच्या भागात निवडायचा. खालचा भाग दिसतच नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन लिहिण्याच्या भाषांत मराठी घाला आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. दोन्ही भाग भरलेत की चौकटीच्या तळाशी डाव्या हाताला 'सेट ॲज डीफॉल्ट' आहे, ते दाबा. मग विचारतं, फक्त याच फाइलला की नॉर्मल साच्यावरच्या सगळ्या फाइल्सना? दुसरं निवडा. बहुतेक जण इथे घाईत नुसतं ओके करतात, आणि मग 'आमच्याकडे टिकत नाही' म्हणतात.

फाँट कोणता घ्यायचा, यावर माझं मत: अर्ज दुसऱ्याकडे वर्डमध्येच जाणार असेल तर निर्मला यूआय. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. मंगल जुना, विंडोज २००० पासूनचा, पण विंडोज १० पासून तो वेगळा उतरवून घ्यायच्या फाँटांत गेला. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडे वर्ड दुसरंच अक्षर लावतं, ओळी वेगळ्या तुटतात आणि एक पानाचं दीड पान होतं. कोकिळा दिसायला सुरेख आहे, पण नाजूक. कोकिळा १६ म्हणजे मंगलचा जेमतेम ११-१२. तुमच्या डोळ्यांना नको. आणि शेवटचा अर्ज पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे फाँटची कटकटच नाही.

त्याच जोडीनं परिच्छेदाची चौकटही बघा, तिच्यातही 'सेट ॲज डीफॉल्ट' आहे. वर्ड आपणहून प्रत्येक परिच्छेदाखाली ८ पॉइंट जागा सोडतं. अर्जात ती शून्य केली की चार ओळी वाचतात. फक्त ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून १२ वगैरे घालू नका. इंग्रजीला चालतं, मराठीच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. माझ्याकडे एक लग्नपत्रिका अशी आली होती, सगळ्या 'श्री'ची डोकी उडालेली.

आता झूम. पडद्यावर मोठं आणि कागदावर लहान, म्हणजे तुम्हाला फाँटचा आकार नको, झूमच हवा. फाँट १२ ठेवा. झूमचा आकडा फाइलच्या पोटात लिहिलेला असतो. ग्रामपंचायतीतल्या माणसानं ७० वर ठेवून फाइल जतन केली, की तुमच्याकडे ती ७० वरच उघडणार. नवी कोरी फाइल मात्र साच्याचा झूम घेते, म्हणून साचाच उघडून बदलायचा. विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबा, त्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत %ॲपडेटा%\मायक्रोसॉफ्ट\टेम्प्लेट्स असं लिहा आणि एंटर. आत 'नॉर्मल' नावाची फाइल असेल, शेवटी डीओटीएम. तिच्यावर डबल-क्लिक करू नका, त्यानं तिची नक्कल उघडते. उजवं क्लिक करून 'ओपन' म्हणा. झूम १४० करा. एक स्पेस द्या आणि खोडा, नाहीतर वर्डला वाटतं काही बदललंच नाही. मग कंट्रोल-एस.

दुसऱ्यांच्या फाइल्सचा झूम कायमचा बदलायची सोय मला सापडलेली नाही. पण 'व्ह्यू'मध्ये 'पेज विड्थ' आहे, एका क्लिकमध्ये पान पडद्याच्या रुंदीला भिडतं. त्या बटणावर उजवं क्लिक करून ते 'क्विक ॲक्सेस टूलबार'मध्ये टाका. मग ऑल्ट दाबलं की त्याच्यावर आकडा दिसतो, तो आकडा दाबला की पान मोठं. माउस शोधायला नको.

बाकीचं पटकन सांगते, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. पुस्तकासारखं उघडणं: फाइल, ऑप्शन्स, जनरल, तिथे अगदी खाली ईमेलमधल्या फाइल्स 'रीडिंग व्ह्यू'त उघडण्याची खूण आहे, ती काढा. तोवर एस्केप दाबून बाहेर या. पिवळी पट्टी येऊन 'एनेबल एडिटिंग' म्हणते ती मात्र वेगळी, ती अनोळखी फाइलपासून राखण करते. ती बंद करू नका. चिकटलेली पानं: दोन पानांमधल्या रेघेवर माउस नेऊन डबल-क्लिक करा, जागा परत येते. गेलीही तशीच असते, चुकून क्लिक पडल्यानं. सेंटिमीटर: ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले, तिथे 'शो मेजरमेंट्स इन युनिट्स ऑफ'.

बंदरावरचा

पेज विड्थचा ह्या माका म्हायतच नव्हता.

काका, पान काळं आणि अक्षर पांढरं पण करता येतं. फाइल, अकाउंट, ऑफिस थीम, ब्लॅक. मी रात्रीचा तसंच वापरतो.

कणकवली टायपिंगवाली

येतं, पण कागदाला त्याचा काही संबंध नाही, एवढं लक्षात ठेवा. एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन दुकानात आले, म्हणाले, "एवढा काळा छापलात तर शाईचे किती घ्याल?" काळं फक्त पडद्यावर असतं. 'व्ह्यू'मधल्या 'स्विच मोड्स'नं नुसतं पान पांढरं करून बाकीचं काळं ठेवता येतं.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताईंनी सगळं सांगितलं, त्यात एकच भर. साचा मनासारखा झाला की ती डीओटीएम फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं ऑफिस गळ्याएवढ्या पाण्यात होतं. कामाच्या फाइल्स ईमेलमध्ये सापडल्या, पण पत्रांचे साचे कोणाच्याच ध्यानात नव्हते. ते ॲपडेटाच्या लपलेल्या कप्प्यात असतात, 'माय डॉक्युमेंट्स'ची प्रत घेतली तरी त्यात येत नाहीत. नव्या संगणकावर ती एक फाइल त्याच जागी ठेवली की फाँट, परिच्छेद, झूम सगळं जागेवर. आणि कधी साचाच बिघडला, तर वर्ड बंद करून त्याचं नाव बदला. वर्ड उघडताच नवा कोरा साचा आपोआप तयार होतो. भिण्यासारखं काही नाही.

मी स्वतः लिब्रेऑफिसवर आहे, फुकट आहे म्हणून. तिथे मराठीचा फाँट टूल्स, ऑप्शन्स, रायटर, 'बेसिक फाँट्स (सीटीएल)' इथे एकाच पानावर बसवता येतो: मजकूर, शीर्षक, यादी, सगळ्यांचा वेगवेगळा. मला ते वर्डपेक्षा सरळ वाटतं. सीटीएलचं पान दिसत नसेल तर 'लँग्वेज सेटिंग्ज'मध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला खूण करा. पण गुरुजी, तुमचं वर्ड चालतंय तर कशाला बदलता.

खाडीपलीकडचे गुरुजी

टायपिंगवाल्या ताई, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि लाईट होती तेवढ्यात करून पाहिलं. कंट्रोल-डीच्या चौकटीत खालचा भाग दिसत नव्हताच, मराठी भाषा घातल्यावर दिसला. निर्मला १२ केलं. साच्याचा झूम १४० केला, आता नवी फाइल उघडली की अक्षर चष्म्याशिवायही वाचता येतं. काळं पान मला नाही मानवलं, काढून टाकलं.

मेनूतली इंग्रजी अक्षरं मात्र आहेत तेवढीच बारीक आहेत. आणि एक वेगळंच सतावतंय. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं एका सीडीवर होती, श्रीलिपी या जुन्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली. ती उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. निर्मला फाँट लावून बघावा का?

कणकवली टायपिंगवाली

मेनूसाठी वर्डमध्ये जाऊच नका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, 'स्केल' १२५ किंवा १५० करा. सगळंच वाढेल. मग वर्डचा झूम १४० वरून थोडा खाली आणावा लागेल.

श्रीलिपीच्या फाइलला निर्मला लावून उपयोग नाही. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फाइलमध्ये खरं लिहिलेली आहेत ती इंग्रजी अक्षरंच, मराठी दिसायची ती त्या फाँटमुळे. तो फाँट तुमच्या लॅपटॉपवर नाही म्हणून कंस आणि उद्गारचिन्हं. निर्मला युनिकोड फाँट आहे, म्हणजे त्यात मराठी अक्षरांना स्वतःची वेगळी जागा असते; तो लावला तरी तेच दिसणार. शिवाय फाइलमध्ये मूळ फाँटचं नाव लिहिलेलं असतं, तेही पुसलं जाईल आणि मग रूपांतर करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागेल. म्हणून मजकूर निवडून वर फाँटच्या खिडकीत कोणतं नाव दिसतं ते फक्त वहीत टिपून घ्या, आणि फाइल काही न बदलता बंद करा. नाव कळलं की श्रीलिपीवरून युनिकोड करून देता येतं. जोडाक्षरं आणि रफार मात्र नंतर डोळ्यांखालून घालावे लागतात, ते काम तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरच काढा.