शिक्षेच्या सुनावणीचे कागदच रेकॉर्डमध्ये नाहीत, अपिलाचं काय होणार?

प्रश्न: भावाला सेशन्स कोर्टाने ७ वर्षं दिलीत. दोषी धरल्यावर शिक्षेबद्दल ऐकून घेतात तेव्हा वकिलांनी त्याच्या किडनीच्या आजाराचे रिपोर्ट कागदांच्या यादीसकट दिले होते, मी तिथेच होतो. आता हायकोर्टातल्या पेपरबुकात (अपिलासाठी केलेला खटल्याच्या कागदांचा संच) ना यादी ना रिपोर्ट, आणि निकालात फक्त आरोपीला ऐकलं एवढीच ओळ. अपील फक्त शिक्षा कमी करण्यापुरतं आहे. रेकॉर्ड अर्धवट म्हणून शिक्षा रद्द होते का? की उलट वाढेल? आई त्याच धास्तीत आहे.

उत्तर १: आपोआप रद्द नाही होत हो. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रेकॉर्ड नष्ट झालं म्हणून आरोपी लगेच सोडायचा नाही, आधी रेकॉर्ड पुन्हा उभं करायचं, नाहीच जमलं तर शक्य असेल तिथे खटला परत चालवायचा. २०२३ ला मात्र एका जुन्या लाचेच्या केसमध्ये रेकॉर्ड न बघताच हायकोर्टाने शिक्षा कायम केलेली, ती दोषसिद्धीच सुप्रीम कोर्टाने रद्द केली. तुमचे मोजकेच कागद गहाळ आहेत, म्हणून पहिलं काम रोजनाम्याची (कोर्टातल्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीची) सर्टिफाइड नक्कल काढा, त्या तारखेला यादी दाखल झाल्याची नोंद आणि निशाणी नंबर (कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) असेल तर निम्मी लढाई तिथेच. मग वकिलांच्या फाइलमधली कॉपी, सरकारी वकिलांना दिलेली प्रत, हे जोडून रेकॉर्ड पूर्ण करण्याचा अर्ज द्या.

उत्तर २: एक गोष्ट कुणी सांगत नाही. अपील फक्त शिक्षेपुरतं असेल तर कोर्ट खालचं रेकॉर्ड न मागवताही ते निकाली काढू शकतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८५, तिच्या जागी आलेल्या आताच्या बीएनएसएस कायद्यात ४२६. म्हणून रेकॉर्ड मागवाच अशी लेखी विनंती करा, गप्प बसलात तर ते रिपोर्ट कुणाच्या नजरेलाच पडणार नाहीत! आणि हॉस्पिटलमधून डुप्लिकेट मिळत असतील तर जादा पुराव्याचा अर्ज, जुनं ३९१, नवं ४३२.

उत्तर ३: आईंना सांगा, आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, वाढवायची तर सरकारचं वेगळं अपील लागतं किंवा हायकोर्टाने आधी नोटीस देऊन ऐकावं लागतं. शिवाय शिक्षेवर नीट ऐकलंच नाही तर ती साधी तांत्रिक चूक नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच म्हटलंय, तो मुद्दा अपिलात घ्यायला सांगा. आणि हे सगळं होईपर्यंत तो आत कशाला, आजार आहे तर शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज आधी टाका, जेलच्या डॉक्टरचा ताजा रिपोर्ट जोडून.