पाण्याच्या आलेखात अकरा वेळा जानेवारी कसा आला?

अ ५०३: सचिव महोदय, सोसायटीच्या सूचनाफलकावर आणि या ग्रुपवर आपण पाणीवापराचा जो आलेख टाकला आहे, त्याच्या खालच्या अक्षावर पहिल्या स्तंभाखाली डिसेंबर आणि उरलेल्या अकराही स्तंभांखाली जानेवारी असे छापले आहे. नावांचे एक वेळ सोडून देऊ, पण दहावा आणि बारावा स्तंभ इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. टाकीच्या गळतीच्या वेळी आपण सर्वांनी काय सोसले ते पुन्हा सांगायला नको. हे दोन महिने कोणते आहेत, एवढे तरी आज कळावे.

सचिव: काकू, आपली काळजी रास्त आहे. मीटरचे आकडे मी स्वतः वहीशी ताडून पाहिले आहेत आणि ते बरोबर आहेत. नावांची गडबड डेटाबेसमधून आलेख काढताना झालेली दिसते. ब २०४ यांनी कृपया पाहावे.

क १०४: अकरा जानेवारी म्हणजे थंडी लांबणार!

अ ५०३: पाण्याच्या विषयावर विनोद नको, ही विनंती.

ब ६०२: उपाय सोपा आहे. प्रत्येक महिन्याच्या नावाआधी क्रमांक लिहावा, म्हणजे ०१-जानेवारी, ०२-फेब्रुवारी. विषय संपला.

ड ४०२: मी तेच महिन्यांचे क्रमांक एक्सेलमध्ये घालून महिन्याचे नाव दाखवायला सांगितले, तर माझ्याकडे बाराही वेळा जानेवारी आला, डिसेंबर कुठेच नाही. एकाच माहितीतून दोन ठिकाणी दोन उत्तरे येत असतील, तर मूळ आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

क ३०१: दादा, दोन्ही उत्तरांचे कारण एकच आहे आणि त्याचा मीटरच्या आकड्यांशी संबंध नाही. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आदेशात, आधी तारखेतून महिन्याचा क्रमांक काढला आहे आणि मग त्या क्रमांकालाच फॉरमॅट हे फंक्शन लावून नाव मागितले आहे. फॉरमॅटला मात्र १ ते १२ हे महिने वाटत नाहीत, तो त्यांना दिवसांची मोजणी समजतो. आपला डेटाबेस ज्यात आहे त्या ॲक्सेसमध्ये ही मोजणी ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून होते, म्हणून १ म्हणजे ३१ डिसेंबर १८९९ आणि २ ते १२ म्हणजे १ ते ११ जानेवारी १९००. एक डिसेंबर आणि अकरा जानेवारी आले ते असे. एक्सेलमध्ये १ म्हणजेच १ जानेवारी १९००, त्यामुळे आपल्याकडे बाराही जानेवारी दिसले.

ड ४०२: मग एक्सेल आणि ॲक्सेस यांच्यात सगळ्याच तारखा एका दिवसाने चुकतात असे म्हणायचे का?

क ३०१: नाही. एक्सेलने १९०० हे लीप वर्ष धरले आहे, प्रत्यक्षात ते नव्हते. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी मेळ राहावा म्हणून ते तसेच ठेवले गेले. अस्तित्वात नसलेला तो २९ फेब्रुवारी ओलांडला की १ मार्च १९०० पासून दोघांचे क्रमांक जुळतात. आपल्या मीटरच्या तारखा त्यानंतरच्या आहेत, तेव्हा त्यांना धक्का नाही. नाव काढताना क्रमांकाऐवजी पूर्ण तारीख फॉरमॅटला द्यावी, किंवा क्रमांकच द्यायचा असेल तर त्यासाठी असलेले मंथनेम हे फंक्शन वापरावे.

ब २०४: ताईंच्या सूचनेप्रमाणे बदल केला आहे आणि रेषालेख जोडला आहे. नावे मराठीत यावीत म्हणून बारा ओळींचे एक छोटे टेबल करून क्रमांकाला नाव जोडले. हे काम मी नोकरी सांभाळून करतो, एवढे लक्षात घेऊन मग टीका करावी, ही नम्र विनंती.

अ ५०३: आपल्या श्रमांबद्दल आदर आहेच. परंतु आता अक्षावर एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर असा क्रम आला आहे. एप्रिलनंतर रेषा एकदम वर जाते, लगेच खाली येते आणि डिसेंबरला पुन्हा चढते. हे पाहून गळती सुरू झाली की थांबली, हे कोणी सांगू शकेल का?

ब ६०२: मी आधीच लिहिले होते. ०१-जानेवारी, ०२-फेब्रुवारी असे केले असते तर हा प्रश्नच आला नसता.

क ३०१: काकू म्हणतात ते महत्त्वाचे आहे. नाव हा नुसता मजकूर आहे, त्यामुळे डेटाबेसने तो वर्णक्रमाने लावला. स्तंभालेखात असा क्रम केवळ गैरसोयीचा ठरतो, रेषालेखात मात्र तो खोटे सांगतो, कारण रेषा शेजारच्या दोन बिंदूंमध्ये चढ किंवा उतार दाखवते आणि येथे ऑक्टोबर व ऑगस्ट हे शेजारी आहेतच कुठे? अक्षावर नाव दाखवावे, पण क्रम तारखेने लावावा. क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावण्याचा आदेश, नावावर नको, महिन्याच्या क्रमांकावर हवा, आणि बेरजेची क्वेरी असल्यामुळे तोच क्रमांक ग्रुप बायमध्ये, म्हणजे गट पाडण्याच्या आदेशातही, घ्यावा लागेल, नाहीतर ॲक्सेस ती क्वेरी चालवणार नाही.

ब ६०२: एवढ्या लांबणीपेक्षा नावाआधी ०१, ०२ लिहिणे सोपे नाही का?

क ३०१: काका, आपल्या सूचनेने बारा महिन्यांचा क्रम सुधारेल, हे मान्य आहे. पण आपली माहिती बारा महिन्यांची नाही, ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२४ अशी पंधरा महिन्यांची आहे. ऑक्टोबर दोन वेळा आला आहे आणि आपण वर्ष न पाहता केवळ महिन्याने गट पाडले, म्हणून दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर एका स्तंभात बेरीज होऊन बसले. डिसेंबरचेही तेच झाले. काकूंना दुप्पट दिसलेले दहावा आणि बारावा स्तंभ हेच आहेत. नावाआधी १० लिहिले तरी ही बेरीज तशीच राहील.

अ ५०३: म्हणजे गळती नाही?

क ३०१: दुप्पट आकड्यावरून तरी गळती आहे असे म्हणता येत नाही. महिने वेगळे केल्यावरच खरे काय ते दिसेल. वर्षाला १२ ने गुणून त्यात महिना मिळवावा आणि एक वजा करावा. डिसेंबर २०२३ चे उत्तर २४२८७ येते आणि जानेवारी २०२४ चे २४२८८, म्हणजे वर्ष बदलले तरी क्रम तुटत नाही. हा आकडा केवळ गट पाडण्यासाठी आणि क्रमासाठी ठेवावा, अक्षावर तो दाखवू नये. ॲक्सेसचा आलेख करून देणारा विझार्डही आतून हेच सूत्र लिहितो.

ड ४०२: त्यापेक्षा मूळ टेबलमध्येच ‘ऑक्टोबर २०२३’ असा मजकूर भरून ठेवावा. दरवेळी हिशेब करण्याची गरज काय?

क ३०१: कृपया तसे करू नये. कोणी ‘ऑक्टोबर २०२३’ लिहील, कोणी ‘ऑक्टो. २३’ लिहील आणि एकाच महिन्याचे दोन गट होतील. शिवाय मजकुरावरून दोन रीडिंगमध्ये किती दिवस गेले हे काढता येत नाही, आणि आपल्याला तर तेच हवे आहे, कारण २९ दिवसांचा फेब्रुवारी आणि ३१ दिवसांचा मार्च यांचा एकूण वापर थेट ताडणे योग्य नाही. टेबलमध्ये पूर्ण तारीख राहू द्यावी. नावाची गरज फक्त आलेख वाचणाऱ्याला असते.

ब २०४: तिसरा आलेख जोडला आहे. क्रम बरोबर आहे आणि दोन्ही वर्षे वेगळी आहेत.

अ ५०३: मनापासून आभार. आता दोन्ही डिसेंबर जवळपास सारखे दिसतात, जीव भांड्यात पडला. पण ऑक्टोबर २०२४ नंतर एकदम डिसेंबर कसा?

ब २०४: नोव्हेंबर २०२४ चे रीडिंगच डेटाबेसमध्ये नाही. जे नाही ते मी कुठून आणू?

अ ५०३: मग तेथे शून्य दाखवावे, निदान महिना तरी दिसेल.

ब २०४: शून्य दाखवले तर उद्या कोणीतरी विचारेल की त्या महिन्यात पाणी आले नव्हते का, आणि उत्तर पुन्हा मलाच द्यावे लागेल.

क ३०१: येथे दादांचे म्हणणे बरोबर आहे. नोंद नसणे आणि वापर शून्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि काकूंचेही बरोबर आहे, कारण महिना अक्षावरून गायब झाला की रेषा ऑक्टोबरमधून सरळ डिसेंबरला जाते आणि मध्ये काही राहिले आहे याचा पत्ताही लागत नाही. पंधराही महिन्यांचे एक वेगळे टेबल करावे आणि त्याला रीडिंगचे टेबल लेफ्ट जॉइनने जोडावे, म्हणजे नोंद नसली तरी महिना अक्षावर येतो आणि त्याची जागा रिकामी राहते. रेषेतही तेथे खंड ठेवावा.

क १०४: आता गंभीरपणे एक अडचण सांगतो. मोबाइलवर पंधरा पूर्ण नावे तिरकी होतात आणि एक आड एक गाळली जातात. पहिली दोन-दोन अक्षरे ठेवता येतील का?

क ३०१: चालेल, मात्र अगदी एकाच अक्षरावर जाऊ नये, कारण ‘ऑ’ म्हणजे ऑगस्ट की ऑक्टोबर हे कळत नाही. ‘ऑग’ आणि ‘ऑक्टो’ असे ठेवावे, जून, जुलै, मार्च आणि मे ही नावे मुळातच लहान आहेत, ती पूर्ण ठेवावीत. वर्ष प्रत्येक नावाखाली नको, पहिल्या महिन्याखाली २०२३ आणि जानेवारीखाली २०२४ एवढे पुरेसे आहे. सूचनाफलकासाठी आडवे स्तंभ घेतले तर पूर्ण नावेही सरळ बसतील.

ब ६०२: माझी ०१, ०२ ची सूचना नोंदवून घेतली आहे का?

सचिव: काका, नोंदवून घेतली आहे. ताईंनी सांगितलेला क्रमांक तेच काम करतो, फक्त तो अक्षावर दिसत नाही.

ब ६०२: ज्येष्ठांच्या सूचना या ग्रुपवर नेहमी नोंदवूनच घेतल्या जातात, पुढे काही होत नाही.

सचिव: तसा हेतू नव्हता, काका. ब २०४ यांनी महिन्यांचे टेबल जोडून, लहान नावे घालून आलेख पुन्हा काढावा, सूचनाफलकावरील जुना कागद मी आज संध्याकाळी काढतो. नोव्हेंबर २०२४ च्या मुख्य मीटरचा फोटो किंवा कागदावरील नोंद ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ती रीडिंग घेतल्याच्या तारखेसह मला वैयक्तिक संदेशाने पाठवावी. तारीख नक्की नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, अंदाजाने तारीख भरू नये.