चिनी भाषेची सुरुवात कशी करावी? सल्ला हवा आहे

चाकणकर:
नमस्कार. मी चाकण येथील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. आमच्याकडे चीनमधून आलेल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांच्या पॅनेलवरील बऱ्याच सूचना चिनी भाषेत आहेत, आणि बिघाड झाला की तिकडच्या अभियंत्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलावे लागते. रोज तासभर वेळ काढता येईल. आधी बोलणे शिकावे की लिपी, आणि शिकवणीशिवाय जमेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पूर्वरंग:
चाकणकर, पहिला महिना केवळ उच्चारांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचे, उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत चीनमध्ये 1958 साली स्वीकारली गेली. मात्र ती इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. पिनयिनमधील ‘बी’ हा आपला ‘प’ आहे आणि ‘पी’ हा ओठ मिटून म्हटलेला ‘फ’. त्याचप्रमाणे ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे साधारणपणे ‘त’ आणि ‘थ’, तर ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपण बाराखडीपासून घोटलेला असल्यामुळे तो वेगळा शिकावा लागत नाही. त्याहून गंमत अशी की ‘झेड’चा उच्चार ‘चाक’मधल्या ‘च’सारखा आणि ‘जे’चा ‘चहा’मधल्या ‘च’च्या जवळचा आहे, म्हणजे हाही फरक मराठी माणसाच्या जिभेवर आयताच आहे.

खरी मेहनत आहे ती सुरांची, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारांची. चार सूर आणि एक हलका, सूरहीन उच्चार, एवढाच हा मामला. पण सूर सुटा पाठ करून उपयोग होत नाही, कारण शेजारच्या अक्षरामुळे तो बदलतो. ‘नी हाओ’ (नमस्कार) मध्ये दोन्ही अक्षरे मुळात तिसऱ्या, खालच्या सुराची आहेत, तरी बोलताना पहिले दुसऱ्या, चढत्या सुरात जाते. म्हणून दोन-दोन अक्षरांच्या जोड्या ऐकून म्हणाव्यात. अशा जोड्या एकूण 20 होतात. यासाठी तरी चूक तिथल्या तिथे दाखवणारा शिक्षक हवा. तो ऑनलाइन असला तरी चालेल.

दूरदेशी:
उच्चारांबाबत सहमत, पण चाकणकरांची गरज पाहता लिपी महिनाभर लांबवू नये. चीनमधील यंत्रांवर सहसा सरलीकृत (कमी रेघांची) लिपी असते, त्यामुळे तीच शिकावी. सुरुवात आपल्या पॅनेलवरच्या शब्दांपासून करावी: ‘छीतोंग’ म्हणजे सुरू, ‘थिंगच्’ म्हणजे बंद, आणि त्या मोठ्या लाल बटणावरचा ‘चीथिंग’ म्हणजे तातडीने थांबवणे. यातील ‘थिंग’चे चिन्ह नीट पाहावे. डावीकडे ‘माणूस’ या अर्थाचा घटक आहे, उजवीकडे मंडपवाचक चिन्ह असून त्याचा उच्चारही ‘थिंग’च आहे. एक भाग अर्थाकडे आणि दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. बहुसंख्य चिन्हांची घडण अशीच असल्याने घटक ओळखू येऊ लागले की पाठांतराचा भार पुष्कळ कमी होतो. हाताने लिहिण्याचा हट्ट धरू नये, फोनवर पिनयिन टंकले की चिन्हे समोर येतात. प्लेको हा शब्दकोश फोनवर अवश्य ठेवावा. मूळ शब्दकोश विनामूल्य आहे.

पूर्वरंग:
हाताने लिहू नये, हे मला पटत नाही. पहिली शंभरेक चिन्हे तरी रेघांच्या क्रमाने गिरवावीत, अन्यथा सारखी दिसणारी चिन्हे पुढे फार छळतात.

चाकणकर:
दोघांचेही मनापासून आभार. उद्याच पॅनेलचे फोटो काढतो. एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेची पुस्तके घ्यावीत का?

दूरदेशी:
परीक्षा द्यायची नसली तरी क्रम लागण्यासाठी ती उपयोगी आहेत. मात्र आवृत्ती तपासून घ्यावी: 2010 पासूनच्या सहा पातळ्यांच्या रचनेत पहिल्या पातळीला 150 शब्द होते, तर 2021 च्या नऊ पातळ्यांच्या मानकात 500. स्वतः शिकणाऱ्याला जुन्या रचनेची पहिली दोन पुस्तके अधिक सोपी जातात, आणि त्यांत चिन्हांवर पिनयिनही छापलेले असते.